ड्रोन आपटायचाच असतो, गॉगल नाही

एफपीव्ही ड्रोन, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमधल्या पडद्यावर बघत उडवायचा ड्रोन, शिकतेय म्हटलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला: "आणि पडला तर?" पडतोच. शिकताना तर पडतोच पडतो. पण त्याची घडणच पडण्याचा हिशेब धरून केलेली असते. कार्बन फायबरच्या चौकटीचा हात मोडला तर स्क्रू काढून नवा बसवता येतो, आणि पंख्यांचे जादा संच तर सगळेच बरोबर बाळगतात. गॉगलबद्दल मात्र कोणी विचारत नाही. संचातली बऱ्याचदा सर्वांत महाग वस्तू तीच. ती कधी उडत नाही, त्यामुळे तिला काही होणार नाही असं सगळे गृहीत धरतात. माझा अनुभव उलटा आहे. गॉगल डोळ्यांवर असतो तेव्हा तो सुखरूप असतो. खरी काळजी करायची ती तो डोळ्यांवरून उतरल्यावर.

आधी शिकण्याविषयी, कारण अनेक जण इथेच उलट्या क्रमाने जातात. ड्रोन आधी घेतात आणि रिमोट मागून. मी सांगेन, आधी चांगला रेडिओ घ्या (आमच्यात रिमोटला रेडिओच म्हणतात), तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा आणि सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर ड्रोन उडवण्याचा सराव करायच्या प्रोग्रामवर, बसा. लिफ्टऑफ आणि व्हेलॉसिड्रोन ही दोन नावं सगळीकडे ऐकू येतात, दोन्ही चांगली आहेत. पुढे खरा ड्रोन ज्या रेडिओवर उडवायचा त्याच्यावरच बोटं बसली पाहिजेत. गेमपॅडच्या स्टिकचा पल्ला इतका तोकडा असतो की त्याच्यावर बसलेली सवय नंतर मोडावी लागते.

डाव्या स्टिकवर थ्रॉटल (पंख्यांचा जोर) आणि यॉ (जागच्या जागी तोंड फिरवणं), उजवीवर पिच (पुढे-मागे कलणं) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं). याला मोड २ म्हणतात. फोटोवाले जीपीएस ड्रोन हाताळलेल्यांना धक्का बसतो तो अ‍ॅक्रो मोडमध्ये, म्हणजे ड्रोन स्वतःहून सरळ होत नाही अशा पद्धतीत. तिथे स्टिक सोडली की ड्रोन सरळ होत नाही. ज्या कोनात कलला असेल त्याच कोनात राहतो आणि त्या दिशेने निघून जातो. म्हणजे स्टिक ड्रोनला "किती कल" हे सांगत नाही, "किती वेगाने कलत राहा" हे सांगते. सरळ करायचा तर उलट दिशेने तेवढंच ढकलायचं आणि वेळेत थांबायचं. भीती वाटली की हात आखडून स्टिक सोडून देण्याची माणसाची जी प्रवृत्ती आहे, ती इथे सर्वांत घातक. ती घालवायला सिम्युलेटरच हवा.

दुसरी गंमत कॅमेऱ्याची. तो सरळ समोर बघत नाही, थोडा वर बघतो. पुढे जायला ड्रोनला नाक खाली करावं लागतं. कॅमेरा २५ अंश वर कललेला असेल तर ड्रोन तेवढा पुढे झुकल्यावरच क्षितिज चित्राच्या मधोमध येतं. एका जागी तरंगताना मग निम्म्याहून जास्त आकाशच दिसतं. म्हणून नवशिक्यांनी कोन कमी ठेवावा. हळू उडता येतं आणि जमीनही दिसते. शिवाय ड्रोन कलला की पंख्यांच्या जोराचा काही भाग पुढे ढकलण्यात जातो, वर उचलायला कमी उरतो, आणि वळताना उंची गळते. वळण घेताना थ्रॉटल हलकेच वाढवायचा हे डोक्याला लगेच कळतं, अंगठ्याला फार उशिरा. आणि नुसता यॉ दिला तर ड्रोन तोंड फिरवून आडवा घसरत राहतो. रोल आणि यॉ जोडीने द्यावे लागतात.

मी सिम्युलेटरमध्ये दोन झाडं निवडून त्यांच्याभोवती डोळ्यांच्या उंचीवर इंग्रजी आठचा आकडा काढत बसायचे. कंटाळवाणा प्रकार आहे. उलट्या उड्या मारण्याची मजा त्यात नाही. पण उंची, वळण आणि वेग यांची सांगड बसते ती याच आकड्यात, हे माझं ठाम मत आहे.

त्यानंतर टायनी व्हूप, म्हणजे घरातही उडवता येणारा चिमुकला ड्रोन. मोटरपासून मोटरपर्यंत कर्णात ६५ मिलिमीटर, वजन वीस-तीस ग्रॅमच्या आसपास, पंख्यांना भोवती कडं, एका सेलची बॅटरी, उड्डाण तीन-चार मिनिटांचं. भिंतीला धडकला तर भिंतीला काही होत नाही आणि त्यालाही. बंद खोलीत मात्र स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत तो डगमगतो, तेव्हा "मला जमत नाहीये" असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. आणि खुर्चीत बसून उडवा. गॉगलमध्ये ड्रोन कलला की उभ्या माणसाचं अंगही कलतं.

मोकळ्यावर माझ्याबरोबर माझी भाची असते. तिचं काम एकच, आकाशाकडे आणि आजूबाजूला बघत राहणं. "मावशी, उजवीकडून कुत्रा आणि त्याच्यामागे माणूस." एवढं कानावर आलं की मी उतरवते. गॉगल लावलेल्याला शेजारी काय चाललंय ते काही दिसत नाही. म्हणून अनेक देशांच्या नियमांत असा निरीक्षक सक्तीचा आहे, आणि नसता तरी मी त्याच्याशिवाय उडवलं नसतं.

आता गॉगल.

मला लांबचा चष्मा आहे आणि आता चाळिशीचाही लागलाय. पडदा डोळ्यांपासून जेमतेम बोटभर अंतरावर, म्हणून चाळिशीचा चष्मा लागेल असा माझा समज होता. तसं नसतं. भिंगांमुळे चित्र काही अंतरावर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे उपयोगी पडतो तो लांबचा नंबर. काही गॉगलमध्ये प्रत्येक डोळ्याचा नंबर फिरवून जुळवता येतो, काहींत नंबरच्या लेन्स सरकवून बसवाव्या लागतात. सिलिंड्रिकल नंबर असेल तर नुसतं फिरवून भागत नाही. पण चष्म्यावरच गॉगल दाबून बसवायचा मोह टाळा. दोन भिंगं एकमेकांवर घासली की ओरखडे दोन्हींवर उमटतात. नंबरानंतर दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर जुळवायचं. ते चुकलं तर कडा धूसर दिसतात आणि डोकं दुखतं, आणि माणूस उगाच कॅमेऱ्याला दोष देत बसतो.

पण जपण्याची खरी गोष्ट ऊन आहे. शाळेत बहिर्गोल भिंगाने कागद जाळलेला ज्याला आठवतो त्याला वेगळं समजावायला नको. गॉगलमधला पडदा भिंगाच्या नाभीजवळच बसवलेला असतो. तसा नसेल तर चित्र स्पष्ट दिसणारच नाही. म्हणजे सूर्यकिरण डोळ्यांच्या बाजूने आत शिरले तर ते नेमके पडद्यावरच एकवटतात. कागदासाठी भिंग मागेपुढे करून अंतर शोधावं लागतं, इथे ते अंतर कारखान्यातूनच जुळवून आलेलं असतं. काही सेकंद पुरतात. एलसीडी असो की ओएलईडी, पडद्यावर डाग पडतो आणि तो जात नाही. पडदाच बदलावा लागतो. मैदानावरच्या एका जुन्या उडवणाऱ्याच्या गॉगलमधून मी बघितलं होतं. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात काळपट रेघ, थोडी वाकडी. गॉगल पडून असताना सूर्याचा ठिपका सरकला तशी ती ओढली गेलेली. तो म्हणाला, "मला आता दिसतच नाही ती." मला मात्र तिच्याशिवाय काही दिसेना.

हे कुठे कुठे होऊ शकतं याची यादी डोक्यात ठेवावी लागते. खुर्चीवर भिंगं वर करून ठेवलेला गॉगल. गाडीच्या सीटवर, काचेतून येणाऱ्या उन्हात. घरात खिडकीजवळच्या टेबलावर. गळ्यात अडकवून चालताना, कारण तो लोंबकळत उलटा होतो. आणि सर्वांत जास्त धोका ड्रोन झुडपात पडल्यावर. सगळा जीव ड्रोनमध्ये अडकलेला असतो, गॉगल हातात असतो आणि हात कुठल्या दिशेला वळलाय याचं भान नसतं. त्यातून पडलेला ड्रोन शोधायला गॉगलमधलं रेकॉर्डिंगच कामी येतं, शेवटच्या दोन-तीन सेकंदांत कुठलं झाड दिसलं ते बघायला. म्हणून ते मी बसल्या जागी, गॉगल डोळ्यांवर असतानाच बघून घेते, मग झाकते, आणि मग झुडपाकडे निघते.

माझा क्रम असा: ड्रोन उतरवला, डिसआर्म केला (म्हणजे मोटरी बंद केल्या), गॉगल काढला, काढतानाच भिंगं जमिनीकडे वळवली, झाकण चढवलं. तोवर खुर्चीतून उठायचं नाही. झाकण मी जाड काळ्या कापडाला इलॅस्टिक शिवून केलंय, आणि बाहेरून त्याला भडक केशरी कापड लावलंय, म्हणजे झाकण नसलं तर लांबूनही लक्षात येतं. भाचीला तेवढा अधिकार दिलाय. केशरी दिसलं नाही की ती ओरडते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गॉगलला किती व्होल्ट चालतात ते पुस्तिकेत बघून केबललाच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दोन सेलची पूर्ण भरलेली बॅटरी ८.४ व्होल्ट देते, पाच इंची पंख्यांच्या ड्रोनची सहा सेलची २५.२. पिन बसते म्हणजे व्होल्टेज चालतं असं नाही. अँटेना लावल्याशिवाय ड्रोनला बॅटरी जोडू नका. ड्रोनवरून चित्र पाठवणाऱ्या व्हिडिओ ट्रान्समीटरची ऊर्जा बाहेर जाऊ शकली नाही तर तो तापून जळू शकतो. डिजिटल गॉगलमध्ये काही स्वतःही सिग्नल पाठवतात, तेव्हा तिथेही हाच नियम. अँटेना डाव्या फिरकीची की उजव्या (म्हणजे तिच्या लहरी कुठल्या बाजूला फिरत जातात) हे ड्रोनवर आणि गॉगलवर सारखं हवं, नाहीतर रेंज अचानक आक्रसते. पिशवीत ठेवताना अँटेना काढून ठेवते. तशीच कोंबली की बळ सॉकेटवर येतं. आणि गॉगल उचलताना अँटेनाला धरून कधीही नाही.

भिंग पुसायला ओढणी, शर्टाचं टोक, टिश्यू काही नको. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कोरडं मायक्रोफायबर. धुळीसकट पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. स्पिरिट वगैरे मी लावत नाही, भिंगावरचा लेप खराब होऊ शकतो. चेहऱ्याच्या वाफेने काच धूसर झाली तर गॉगलमधला छोटा पंखा चालू करून थोडा वेळ थांबते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या असतात, कारण फोमने घाम प्यायलेला असतो आणि बंद पिशवीत तो ओलावा भिंगांपर्यंत जातो. फोम कडक झाला की बदलते. तो नीट बसत नसेल तर कडेने उजेड शिरतो आणि चित्र फिकं वाटतं.

एक प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. मैदानात कोणीतरी येऊन "जरा बघू दे की" म्हणतंच, आणि नाही म्हणवत नाही. बघून झाल्यावर ते अगदी सांभाळून, आदराने गॉगल टेबलावर ठेवतात, भिंगं वर करून. भिंगं खाली ठेवली तर घासतील असं त्यांना वाटतं, आणि तेही खोटं नाही. माझा सेट अ‍ॅनालॉग आहे, त्याचं चित्र त्याच चॅनलवरच्या कुठल्याही रिसीव्हरवर दिसतं. म्हणून आता बघ्यांसाठी अँटेना लावलेला साधा छोटा मॉनिटर बरोबर नेते. त्याला भिंगच नाही, त्यामुळे तो कसाही ठेवला तरी चालतो. उन्हात त्यावर फारसं दिसत नाही अशी तक्रार येते, तेव्हा भाची वर छत्री धरते.