गॅदरिंगमधला जीएफएमचा सत्कार

फेब्रुवारी लागला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत गॅदरिंगचं वारं सुटतं. साडी डे, टाय डे, मैदानात मंडपाचे बांबू, वर्गात नाचाच्या तालमी, आणि एवढ्या गडबडीत कुणीतरी जिन्यावर बसून जर्नल पूर्ण करत असतो. या सगळ्यात पंधरा मिनिटं अशी येतात की मागच्या रांगेतल्या शिट्ट्याही आपोआप थांबतात. ती वेळ जीएफएमच्या सत्काराची.

जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर. काही कॉलेजांत त्यांनाच टीजी, म्हणजे टीचर गार्डियन म्हणतात. एकेकाकडे साधारण वीस-पंचवीस मुलं असतात आणि प्रत्येकाचं फाइलमध्ये एक पान असतं. त्यावर गावचा पत्ता, पालकांचा फोन, महिन्याची हजेरी, इन-सेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) तीसपैकी गुण, भेटीची तारीख आणि सही. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात हजेरी ७५ टक्क्यांखाली जाऊन डिफॉल्टर लिस्ट लागण्याआधीच मुलाला बोलावून घेणं, लातूर-जळगावकडून आलेल्या मुलाला मेसचं जेवण सोसत नाही हे त्याच्या तोंडावरून ओळखणं, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख पुन्हा पुन्हा सांगणं, हे सगळं त्यात येतं. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये, म्हणजे २०१९च्या अभ्यासक्रमात, पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नसे. दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलाला वाटायचं, एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) राहिलाय, बघू नंतर. ते ‘नंतर’ वायडीपर्यंत, म्हणजे वर्ष वाया जाण्यापर्यंत नेतं, हे त्याला वेळेवर सांगणारा माणूस जीएफएमच असायचा.

सत्कार कुणाचा करायचा हे ठरवताना मोबाइलवर मतदान घेतलं की हमखास घोळ होतो. हजेरीत सूट देणारे सर निवडून येतात. त्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून आणि नुकत्याच बाहेर पडलेल्यांकडून चिठ्ठ्या मागवाव्यात. चिठ्ठीवर प्रश्न एकच: सरांनी किंवा मॅडमनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं? ‘खूप सपोर्टिव्ह आहेत’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवायच्या. ‘ग्राफिक्सच्या पेपरच्या आधी चार दिवस रोज साडेचारला बसवून शीट काढून घेतली’ अशी चिठ्ठी आली की ती जपून ठेवायची. मानपत्र अशाच चिठ्ठ्यांतून तयार होतं.

मानपत्र दीडशे शब्दांचं पुरे. वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. ‘ज्ञानाचा अखंड झरा’ आणि ‘दीपस्तंभ’ सरळ काढून टाकावेत, ते कुणालाही लागू पडतात. त्यांच्या जागी असं वाक्य हवं: ‘आपल्या फाइलमध्ये प्रत्येक पानावर पालकांशी झालेल्या बोलण्याची तारीख आहे, आणि एकही पान कोरं नाही.’ हे ऐकताना त्या फाइलमधली मुलं माना वर करतात. एक पथ्य मात्र पाळायचंच. कोण नापास झालं होतं, कुणाच्या घरी अडचण होती, हे मंचावरून ओळखू येता कामा नये; नाव नाही, रोल नंबर नाही, शाखाही नाही.

छपाईत दरवर्षी एकच दगा होतो. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो आणि दुकानातला संगणक जुन्या फाँटवर चालतो. तिथे मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते. मग ‘विद्यार्थी’ हा शब्दच मोडतो, आणि नेमका तोच मानपत्रात सगळ्यात जास्त वेळा येतो. म्हणून मजकूर पीडीएफ करूनच द्यावा, कागदावर एक प्रूफ काढून घ्यावं आणि नाव, पदवी, वर्ष मोठ्यानं वाचून तपासावं. फ्रेमला काच असेल तर फोटोत मंचावरचे दिवे चमकतात आणि अक्षर दिसत नाही. फोटोच्या वेळी फ्रेम किंचित खाली झुकवून धरावी.

मंचावरचा क्रम साधा आहे. आधी मानपत्राचं वाचन, मग शाल, श्रीफळ, आणि शेवटी मानपत्र हातात. शाल प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधीच काढून घडी मोडून ठेवावी, नाहीतर पाहुणे मंचावर पिशवीशी झटत राहतात. पुष्पगुच्छाचे देठ पुसून घ्यावेत, पाणी मानपत्रावर ठिबकतं. वाचन विद्यार्थ्यानंच करावं, आणि दोनदा तालीम करून. सत्कार नाचांच्या आधी ठेवावा. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा असतो, आणि वेळ कमी पडली की कात्री आधी सत्कारालाच लागते.

पहिल्या रांगेत दोन खुर्च्या सरांच्या किंवा मॅडमच्या घरच्यांसाठी राखून ठेवायच्या. रात्री नऊला पालकांचे फोन यायचे तेव्हा जेवणाचं ताट त्याच घरात निवत असायचं. शाल घालतात तेव्हा त्या दोन खुर्च्यांकडे बघावं. कधी तिथे डोळ्याला पदर लागलेला असतो, कधी एखादी लहान मुलगी सगळ्यांत उशिरापर्यंत टाळ्या वाजवत असते.

सत्काराला उत्तर देताना बहुतेक जीएफएम दोनच मिनिटं बोलतात. आवाज थोडा जड झालेला असतो. जाता जाता माइककडे परत वळून ते सांगतात की ज्यांचं सबमिशन राहिलंय त्यांनी सोमवारी सकाळी केबिनमध्ये यावं. मंडपभर हशा आणि टाळ्या एकदमच उठतात, आणि मागून फिशपॉन्डची पेटी मंचावर येते.