हर्णै बंदरावर लेकासोबत

आज लेकाला घेऊन हर्णै बंदरावर गेले. वय 15, मिसरूड फुटलंय, माझ्याहून उंच. मासळीच्या लिलावाचा आरडाओरडा सुरू झाला तसे त्याने कान गच्च दाबले आणि जागच्या जागी गोल फिरायला लागला. "एवढा घोडा झाला, आणि हे काय?" कोणीतरी बोललंच. लहानपणी हेच लोक कौतुक करायचे, आता बिचकतात. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, आणि ती म्हणजे लाडाने बिघडणं नव्हे हो! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे. एका मावशींनी मात्र काही न विचारता त्याला होडीच्या आडोशाला बसवलं. तिथे त्याने त्यांच्या टोपलीतले बांगडे एका ओळीत मांडले, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मी आवरायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो, लावू दे त्याला." पुढच्या वेळी लिलावाच्या आधीच जाऊ, त्याच मावशींकडे.