सेव्हिलच्या बाकांवरचा इतिहास

सेव्हिल, शनिवार

आजची दुपार प्लाझा दे एस्पान्यामध्ये गेली. मारिया लुइसा उद्यानाला लागून विटांच्या कमानींची एक भव्य अर्धवर्तुळाकार इमारत आहे, तिच्या पुढ्यातून सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा कालवा वाहतो आणि त्यात हौशी मंडळी भाड्याच्या होड्या वल्हवत असतात. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने हा चौक रचला. इमारतीचे दोन बाहू ग्वादालकिवीर नदीच्या, म्हणजेच अमेरिकेला जाणाऱ्या वाटेच्या, दिशेने उघडतात. स्पेन आपल्या जुन्या वसाहतींना कवेत घेत आहे, असा त्याचा अर्थ सांगतात. पारतंत्र्य भोगलेल्या देशातून आलेल्या मला ही मिठी जरा जास्तच घट्ट वाटली.

माझा बराचसा वेळ भिंतीलगतच्या बाकांपाशी गेला. स्पेनच्या प्रांतांसाठी येथे ४८ कोनाडे वर्णानुक्रमे मांडले असून प्रत्येकात रंगीत टाइल्सचा बाक, पाठीमागे त्या प्रांताच्या इतिहासातील प्रसंग आणि पायाशी त्याचा नकाशा आहे. ग्रानादाच्या बाकावर तेथील मुस्लिम राजाची स्पेनच्या राजा-राणीपुढची १४९२ मधील शरणागती रंगवली आहे, तर बार्सिलोनाच्या बाकावर अमेरिकेहून परतलेल्या कोलंबसाचे राजा-राणी स्वागत करत आहेत. स्पॅनिश कुटुंबे मात्र या जयपराजयांकडे फारसे पाहत नाहीत. आपला प्रांत शोधायचा, आजीला मधोमध बसवायचे आणि फोटो काढून पुढे जायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. बाकांच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांसाठी छोटे कप्पे आहेत, ही कल्पना मला सर्वांत आवडली.

काही टाइल्सवर बोट फिरवले की रंगांमधली उठावाची बारीक कड लागते. भट्टीत वितळलेला एक रंग दुसऱ्यात उतरू नये म्हणून कच्च्या मातीवर साच्याने दाबून ती काढलेली असते.

पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या टाइल्सची आठवण होणे अपरिहार्य होते. तेथे पोर्तुगीजांनी वास्को द गामाच्या सफरीचे प्रसंग असेच भिंतीवर चढवले आहेत. सागरी पराक्रम टाइलवर भाजून कायम करण्याची हौस दोन्ही शेजाऱ्यांना सारखीच. कारागिराला मात्र या चित्रांत कोठेच जागा नाही. येथील कितीतरी काम नदीपलीकडच्या त्रियानातील भट्ट्यांमधून आले. त्या जुन्या भट्ट्या आता संग्रहालयात जपल्या आहेत, म्हणून उद्या सकाळी राजवाड्याच्या रांगेत उभे राहण्याऐवजी पूल ओलांडून तिकडेच जाणार आहे.