ऐंशी सेंटिमीटरच्या अलीकडे नाही

नागपुरात जुना कॅमेरा घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. मे महिन्यात इथे सगळीच यंत्रं गुणी असतात. 45 अंशांच्या उन्हात अर्धशतकापूर्वीचं ग्रीसही पातळ होतं, शटरची पाती विनातक्रार सरकतात, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "एकदम मख्खन, भाऊ." थंडीत पारा दहाच्या आसपास आला की तेच ग्रीस आखडतं, पाती उघडायला आळस करतात आणि कॅमेऱ्याचं खरं वय बाहेर येतं. फक्त विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस वगळावेत. तेव्हा सीताबर्डीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाईक मुंबईहून आल्यासारखं वाटतं.

मला हवा होता तो रेंजफाइंडर. मोबाइलच्या जमान्यात फिल्मचा कॅमेराच मुळात हौसेचा मामला, त्यातही रेंजफाइंडर म्हणजे हौसेतली हौस. नेहमीच्या मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशातून थेट लेन्समधून बघतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचा आणि डोळ्याचा संबंध नाही. आपण वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून बघतो. तिच्या शेजारी थोड्या अंतरावर दुसरी छोटी खिडकी असते, आणि तिच्यातून आलेलं चित्र आतल्या आरशावरून पहिल्या चित्राच्या मध्यभागी पडतं. पातळ चहासारखा पिवळट चौकोन दिसतो, त्यात समोरच्या माणसाचं नाक दोनदा. लेन्सची कडी फिरवत जायची. दोन नाकं सरकत सरकत एकमेकांवर बसली की फोकस झाला. लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं, आणि काही कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारा डोळाही बाहेर असल्यामुळे तोही "सगळं ठीक" असंच सांगतो. झाकण काढलंय का, हे कॅमेरा तुम्हाला कधीच विचारत नाही.

हे तंत्र खरं तर मोजणीदाराचं. दोन खिडक्यांमधलं अंतर हा त्रिकोणाचा पाया, समोरचा माणूस हे त्याचं टोक. पाया ठाऊक, कोन ठाऊक, म्हणजे टोक किती दूर ते आलंच. याच हिशेबावर अख्खा हिंदुस्थान मोजायला निघालेला विल्यम लॅम्टन 1802 साली मद्रासेत पहिली आधाररेषा आखून कामाला लागला. वीसेक वर्षं तो त्रिकोणामागून त्रिकोण मांडत उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी 1823मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. हिंगणघाटवरून एसटीने जाताना कापूस, मिरच्या, रेल्वे फाटक एवढंच आठवणाऱ्या आम्हा लोकांना हे शाळेत कुणी ठासून सांगितलं नाही. लॅम्टनचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा होता, उचलायला माणसांची पलटण लागे. माझ्या हातातल्या डबीत त्याच भूमितीला जेमतेम बोटभर जागा मिळाली आहे.

ही भूमिती कॅमेऱ्याच्या पोटात नेऊन बसवली ती प्रामुख्याने लायका या जर्मन कंपनीने. 1932च्या लायका-टूमध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडलेला आला, आणि 1954च्या एम-थ्रीमध्ये बघायची आणि मोजायची खिडकी एकच झाली. त्या कॅमेऱ्यांच्या आजच्या किमतीत आमच्याकडे चांगली स्कूटर येते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. सोव्हिएत रशियाने लायकाच्या नकला काढल्या, फेड आणि झॉर्की. त्या स्वस्त मिळतात, पण काहींवर नंतर कुणीतरी लायकाचं नाव कोरून सोनेरी मुलामा दिलेला असतो. सोनेरी लायका स्वस्तात मिळतोय असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठावं. पुढे 1959मध्ये निकॉनने एफ नावाचा एसएलआर आणला, एसएलआरचं राज्य सुरू झालं आणि रेंजफाइंडर मागे पडला. तरी घरगुती गिऱ्हाइकासाठी जपान्यांनी तो बरीच वर्षं बनवला. त्यांतला याशिका इलेक्ट्रो 35 हा 1966 सालचा अवतार आणि त्याची भावंडं आजही आपल्याकडे अधूनमधून कुणाच्या तरी कपाटातून निघतात. बहुधा आखातातून आलेल्या मामांची कृपा.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात घड्याळं, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांच्या ढिगात मला असाच एक इलेक्ट्रो 35 दिसला. चामड्याची केस मानेपाशी फाटलेली, आत कॅमेरा मात्र ठसठशीत. दुकानदार शेकोटीजवळून उठून आला आणि म्हणाला, "चालू हाये. घेऊन जा." मी मात्र स्टूल ओढून बसलो. या कॅमेऱ्याची तपासणी हाच निम्मा आनंद आहे, तो घाईत कशाला उरकायचा.

आधी खालच्या झाकणाचा स्क्रू नाण्याने उघडून बॅटरीची जागा पाहिली. हिरवट-पांढरी बुरशीसारखी खार साचलेली असेल तर परत ठेवून द्यायचं. इथे स्वच्छ होतं. याची मूळ बॅटरी पाऱ्याची, 5.6 व्होल्टची; पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, त्यामुळे आता 6 व्होल्टची छोटी बॅटरी आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग, असा देशी जुगाड करावा लागतो. खिशात तो घेऊनच गेलो होतो. बॅटरीशिवाय हा कॅमेरा सदैव सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरताच उघडतो, मग तुम्ही दिवाळीची पणती टिपा की दुपारचा फुटाळा तलाव.

बॅटरी घातली, मागचं बटण दाबलं, फोटो मोजणाऱ्या खिडकीत हिरवा उजेड आला. मग फिल्म पुढे सरकवायचा खटका पूर्ण ओढून कान लावला. ओढताना आतून एक दबका "ठक" यायला हवा. आतल्या रबराच्या चिमुकल्या गादीची जागा म्हणजे या कॅमेऱ्याचं मर्मस्थान. ती गादी वयाने विरघळली की आवाज जातो आणि मागोमाग शटरचा हिशेब बिघडतो. परदेशातले हौशी तिला "मरणाची गादी" म्हणतात. आला, ठक आला. नंतर पुढच्या प्रकाशाच्या डोळ्यावर बोट ठेवून बटण अर्धं दाबलं. पिवळा दिवा लागला, म्हणजे उजेड कमी. आणखी दाबलं. शटर उघडं राहिलं. डोळ्यावरचं बोट उचललं, शटर मिटलं. दुकानदार एव्हाना वाकून बघत होता.

"काय पाहून राहिले इतकं, भाऊ? फोटोच तं काढाचे हायेत."

"काका, टॉर्च आहे का?"

टॉर्च आली. लेन्समध्ये तिरपा उजेड टाकून बुरशी शोधायची. कोरड्या हवेचं शहर म्हणून नागपूरच्या कॅमेऱ्यांना बुरशी नसते, ही समजूत अर्धीच खरी. आमच्याकडे उन्हाळाभर बंद खोलीत कूलर चालतो. वाळ्याचा वास छान, पण कपाटं दमट. कुठल्याशा लग्नाच्या अल्बमशेजारी कॅमेरा तीस उन्हाळे कूलरची ओल खात पडलेला असतो. या लेन्सच्या काठावर एक कोळ्याच्या तंतूएवढी रेघ होती, मधलं काचेचं मैदान स्वच्छ. मागच्या दाराचे फोम मात्र काळ्या चिकट राबडीत बदलले होते. ते काही दुखणं नव्हे. खरवडून काढायचं आणि खोबणीत काळी लोकर चिकटवायची. घरात स्वेटर विणणारं कुणी असेल तर तेवढाही खर्च नाही.

शेवटची परीक्षा बाहेर रस्त्यावर. लांबच्या मोबाइल टॉवरवर पिवळा चौकोन धरून कडी अनंताच्या खुणेपर्यंत नेली. दोन्ही टॉवर एकमेकांत अचूक विरघळले. उभ्या दिशेनेही घसरण नव्हती. मग दुकानाच्या पाटीवर, मग सायकलीच्या हँडलवर, मग काकांच्या मिशीवर. ऐंशी सेंटिमीटरवर कडी थांबली.

त्याच्या अलीकडचं जग या कॅमेऱ्याला नाही. तर्री-पोह्यांवरचा लालभडक तवंग, बोटावरची मुंगी, झोपलेल्या बाळाच्या पापण्या, सगळं बाद. हे मला अडचणीचं नव्हे, सोयीचं वाटतं. मोबाइलने आपल्याला कुणाच्याही तोंडाशी हात नेऊन फोटो काढायची सवय लावली. हा कॅमेरा हातभर मागे उभं करतो, आणि फोटोआधी दर वेळी विचारतो की समोरचा माणूस नेमका किती दूर आहे. झिरो माइलच्या घोड्यांशी फोटो काढून घेणाऱ्या खेडेगावच्या कुटुंबाला मी परवा विचारून टिपलं. त्यांना पडद्यावर काहीच दाखवता आलं नाही. आजोबा म्हणाले, "म्हंजे आता निघाला का नाय निघाला?" नाही सांगता येत, म्हटलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

आणि हो, थंडीचं आणखी एक कारण. काळी-पांढरी फिल्म घरी धुवायची तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, 20 अंशांवर लागतो. जानेवारीत इथल्या नळाचं पाणी त्याच्या जवळपास येतं. मेमध्ये गच्चीच्या टाकीतलं पाणी अंगावर घेताना पोळतं, तिथे फिल्मचं काय सांगावं. वेळ कमी करून भागवता येतं, पण मग दर अंशाला तक्ता बघा, माठ आणा, बर्फ आणा, आणि घरचे म्हणतात माठ पिण्यासाठी आहे.

काकांनी आधी पाच हजार सांगितले. मी फोमची राबडी दाखवली, काचेवरची रेघ दाखवली, बॅटरी मिळत नाही हे सांगितलं. ते म्हणाले, बॅटरी तर तुमीच आणली. साडेतीनवर आलो. वर त्यांनी ढिगातून एक फ्लॅश काढून पिशवीत टाकला. चालतो का, विचारलं.

"चालला तं चालला. पैसे काय मागितले मी त्याचे?"