बटलरबाईंच्या कागदांपर्यंत

मुलीच्या बाळंतपणासाठी जून २०२४ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला गेले. निघायच्या आदल्या दिवशी, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा बॅगेत भरत असताना, ओळखीतल्या एका लेखकांच्या पत्नीचा फोन आला. त्यांचे यजमान दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं विज्ञानकथा लिहीत. वर्षापूर्वी ते गेले. वहिनींनी विचारलं, "ताई, यांच्या कागदांनी माळा भरलाय. काय करू?" मी घाईत म्हटलं, "छापून आलेलं ठेवा वहिनी. बाकीचं कच्चं आहे, रद्दीत घातलंत तरी चालेल." आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवूनही मी असं सांगितलं. म्हणून पुढचं सगळं लिहायला बसले आहे.

अमेरिकन विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' ही कादंबरी मी पूर्वी वाचली होती. १९७६ साली लॉस एंजेलिसला राहणारी एक कृष्णवर्णीय लेखिका पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते आणि तिथे तिला आपल्याच एका गोऱ्या पूर्वजाचा जीव वाचवावा लागतो. त्या वाचनानंतर दोन रात्री मला झोप लागली नव्हती. पण बटलरबाई याच पासाडेनाच्या, हे इथे येईपर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं. १९४७ चा जन्म. वडील बुटांना पॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची आणि त्या घरांत मागच्या दाराने शिरायची. मुलीला वाचायला त्रास व्हायचा, अक्षरं नीट लागायची नाहीत. तरी दहाव्या वर्षी तिने टाइपरायटर मागितला आणि आईने तो घेऊन दिला.

बटलर यांचे सगळे कागद माझ्या मुलीच्या घराजवळ, सॅन मरिनोच्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत, हे जावयाने सांगितलं. रेल्वेच्या पैशावर उभी राहिलेली ही संस्था. इथे गुटेनबर्ग बायबल आहे, चॉसरचं हस्तलिखित आहे. त्याच छपराखाली मोलकरणीच्या मुलीच्या वह्या आहेत. बाळाची तेल-आंघोळ आटोपली की दुपारी मला दोन-तीन तास मिळत. ठरवलं, ते कागद पाहायचेच.

बागा आणि दालनं तिकीट काढून कुणालाही पाहता येतात. हस्तलिखितांसाठी मात्र वाचक म्हणून नाव नोंदवावं लागतं. अर्ज ऑनलाइन होता. काय पाहायचंय आणि कशासाठी, हे लिहायचं होतं. मी लिहिलं, 'बटलर यांच्या साहित्याचा अभ्यास.' मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. म्हणाली, "आई, तू विद्यार्थ्यांना असला विषय दिला असतास का?" नसता दिला. मग लायब्ररीने केलेली त्या कागदांची सूची उघडली.

सूची वाचण्यातच माझा आठवडा गेला. बटलर २००६ मध्ये गेल्या. २००८ मध्ये त्यांचे कागद इथे आले, ते चार-चार खणांची दोन फायलिंग कपाटं आणि ३५ मोठी खोकी भरून. आता त्याच्या ३८६ पेट्या आहेत आणि ९,०६२ नोंदी, प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक. कादंबऱ्यांचे खर्डे, पत्रं, कात्रणं, शाळेतलं लेखन. शिवाय साध्या वह्या, ज्यांत कथेचं टिपण आणि वाणसामानाची यादी शेजारी शेजारी येते. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून हे एकेक पान उलगडलं आणि नोंदवलं. सूचीतल्या ओळी वाचताना त्या कामाबद्दल माझ्या मनात फार आदर दाटून येत होता.

अर्ज नव्याने लिहिला. एक कादंबरी पूर्ण कशी झाली आणि एक पूर्ण का झाली नाही, एवढंच पाहायचंय. खाली क्रमांक दिले. परवानगी आली.

पहिल्या दिवशी सामान लॉकरमध्ये ठेवलं. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हात धुऊन, कोरडे करून बसायचं. पेटीतून एका वेळी एकच फोल्डर काढायचा. पानांचा क्रम हलता कामा नये, कारण पान कुठे सापडलं हीसुद्धा माहितीच असते. हे सगळं मला पोथीच्या सोवळ्यासारखं वाटलं, आणि आवडलं.

पण त्या दिवशी हाती फारसं काही लागलं नाही. चूक माझीच होती. मी 'किंड्रेड'ची टंकलिखित पक्की प्रत मागवली होती आणि ती छापील पुस्तकाच्या अगदी जवळची निघाली. हस्तलिखितं पाहायला जाणाऱ्यांना म्हणून सांगते: शेवटची प्रत मागवू नका. सूचीत जिथे 'टिपणं', 'तुकडा', 'आराखडा' असे शब्द दिसतील, ते क्रमांक मागवा.

दुसऱ्या खेपेला तसंच केलं. या कादंबरीचं एके काळचं नाव बायबलमधल्या ९१ व्या स्तोत्रातल्या ओळीवरून घेतलेलं होतं, देवदूत तुला तुझ्या सर्व मार्गांत सांभाळतील अशा अर्थाच्या. आधी नायक पुरुष होता. पण त्या काळातल्या गोऱ्या मालकासमोर आजचा कृष्णवर्णीय पुरुष फार दिवस जिवंत राहणार नाही, हे बटलरना कळलं आणि नायिका आली. मुलाखतींतून हे वाचलं होतं. कागदावर मात्र त्या निर्णयामागचे दिवस दिसतात. हे लिहिण्यासाठी त्या बसने मेरीलँडला जाऊन आल्या होत्या. त्याआधी पोटासाठी बटाट्याच्या वेफर्सची तपासणी केली, भांडी घासली, फोनवरून वस्तू विकल्या. कामावर जाण्याआधी पहाटे दोनला उठून लिहायच्या.

मग ती वही आली, १९८८ ची. तिच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं आहे. हे पान आता पुष्कळांनी छायाचित्रात पाहिलंय, मीही पाहिलं होतं. मी खूप खपणारी लेखिका होईन. चांगल्या वस्तीत सुंदर घर घेईन. गरीब कृष्णवर्णीय मुलांना लेखन कार्यशाळेला पाठवीन. आणि मध्ये मध्ये तेच पालुपद: असंच होवो, आणि ते तूच घडवून आण. छायाचित्रात हा संकल्प वाटतो. वही समोर असली की हाताचा जोर दिसतो. मी त्या पानाकडे किती वेळ पाहत होते कोण जाणे. हे लिहिलं तेव्हा त्यांच्या नावावर ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार होते, तरीही स्वतःला असं बजावावं लागत होतं. १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच. त्यांची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही १९९३ ची कादंबरी २०२० मध्ये, त्या गेल्यावर चौदा वर्षांनी, न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत आली. ही कादंबरी रोजनिशीच्या रूपात आहे आणि पहिली नोंद जुलै २०२४ ची आहे. मी ती पुन्हा वाचली ती त्याच महिन्यात, बटलरबाईंच्या गावात.

हस्ताक्षरावरून एक आठवण आली, ती मी वर्गात नेहमी सांगायचे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातला हा एवढा मोठा प्रसंग एका हातच्या प्रतीवर उभा आहे, आणि ती प्रत आज कुठे असेल हा प्रश्न मी एकाही वर्गाला विचारला नव्हता.

शेवटचे तीन दिवस 'पॅरेबल'मालेतल्या तिसऱ्या, अपुऱ्या कादंबरीसाठी ठेवले होते. 'ट्रिकस्टर' तिचं नाव. माणसं दुसऱ्या ग्रहावर वस्ती करायला गेली आहेत. एका सुरुवातीत ती आंधळी होऊ लागतात. दुसरीत त्यांना भास होतात. काही पानं होतात आणि मजकूर थांबतो. पुढचा फोल्डर उघडावा तर पुन्हा पान एक. अशा डझनावारी सुरुवाती आहेत. जगाने मान्य केलेली लेखिका वर्षानुवर्षं त्याच दारावर थाप मारत राहिली आणि ते उघडलं नाही. शेवटी ते बाजूला ठेवून त्यांनी रक्तपिपासूंची कादंबरी लिहिली. ती २००५ मध्ये आली आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या.

यातलं एक अक्षरही त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे बघायचं, तर हे सगळं रद्दीतलं. आणि माझ्या टिपणवहीची सर्वांत जास्त पानं याच फोल्डरांनी भरली होती.

त्या संध्याकाळी पुण्यात सकाळ झाल्यावर वहिनींना फोन लावला. म्हटलं, "वहिनी, मी चुकीचं सांगितलं होतं. काही टाकू नका."

थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोन पोती गेली हो ताई. गौरी-गणपतीच्या साफसफाईत. एक ट्रंक राहिलीये, तिचं कुलूप उघडत नव्हतं म्हणून."

नोव्हेंबरात परतले. दुसऱ्याच दिवशी कुलूपवाल्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. ट्रंकेत फुलस्केप कागदांचे सात गठ्ठे होते, नाडीने बांधलेले. पानं एकही न हलवता मी वरच्या कागदावर पेन्सिलने एक आकडा घातला. वहिनींनी शेजारी बसून वहीत पहिली नोंद लिहिली.