आबांच्या उशाशी वीस वॅट

दोन वर्षांपूर्वी आबांचा झोपेत श्वास अडायला लागला. घोरणं जुनंच, पण आता घोरता घोरता एकदम शांत व्हायचे आणि आई दचकून उठून त्यांना हलवायची. रात्रभर अंगाला वायरी लावून तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला आणि उशाशी सीपॅपचं मशीन आलं, म्हणजे रात्रभर मास्कमधून दाबानं हवा देणारं. तेव्हापासून आबा सकाळी ताजेतवाने उठतात, दुपारी खुर्चीत पेंगत नाहीत. त्या मशीनचे आमच्या घरावर उपकार आहेत. पण त्याच्यामुळं बामणोलीचा मुक्काम बंद पडला.

आबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. दर हिवाळ्यात, भात निघालं की, त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या रानात शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला आम्ही तंबू ठोकायचो. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट, मग कास, मग उतरत उतरत बामणोली. विजेचा खांब रानापासून बराच लांब. आबांना उघड्यावर झोपायची सवय लहानपणापासूनची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटण तालुक्यात होते, वय अकरा. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं गाव अंगणात आणि खळ्यावर झोपत होतं. डोक्यावर छप्पर नसलं की निवांत वाटतं, असं ते अजून सांगतात.

गेल्या दिवाळीत म्हणाले, "आता आमचं काय बामणोलीला जाणं न्हाई. तुमी जाऊन या." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. शिवसागरच्या पाण्यावर कोयनेची १९६० मेगावॅट वीज तयार होते. त्याच पाण्याच्या काठावर एका माणसाच्या उशाशी वीसेक वॅट कुठून आणायचे, एवढाच काय तो प्रश्न होता.

आधी मशीन खरंच किती वीज खातं ते मोजलं. अडॅप्टरवर ९० वॅट छापलेलं आहे, पण तो वरचा आकडा. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर आणून रात्रभर लावून ठेवलं. हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं, म्हणजे ह्युमिडिफायर, चालू असताना सरासरी ४५ वॅट. बंद ठेवला तर १५. तिपटीचा फरक! दाबाच्या सेटिंगप्रमाणे हा आकडा बदलतो, त्यामुळं ज्यानं त्यानं आपल्या मशीनचा मोजावा. मशीन जनरेटरवर किंवा बॅटरीवर चालवायचं असेल तर आधी डॉक्टरांशी आणि मशीनवाल्यांशी बोलून घ्यावं. आम्ही बोललो.

मग जनरेटरसाठी दुकानं. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चार पालथी घातली. इन्व्हर्टर जनरेटर सगळ्यात चांगला: आवाज कमी, वीज स्वच्छ, पण किंमत पस्तीस हजारांच्या पुढं. फोर स्ट्रोक साधा जनरेटर सत्तावीस हजारांना होता, पण वजन चाळीस किलो. गाडीपासून तंबूपर्यंत बांधावरून तो कोण नेणार? शेवटी टू स्ट्रोक घेतला, ज्याच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ६३ सीसी, वजन अठरा किलो, टाकी चार लिटरची, किंमत साडेतेरा हजार.

घेणाऱ्यानं एक गोष्ट नीट बघावी. या जनरेटरच्या नावात ९५० हा आकडा आहे आणि दुकानातला पोरगा "साडेनऊशे वॅट" असंच म्हणत होता. आबांनी खाली वाकून मागच्या बाजूची पत्र्याची पट्टी वाचली: रेटेड ६५० वॅट, मॅक्स ८००. मॅक्स म्हणजे थोडा वेळ निभावेल तेवढं. तासन्‌तास चालायचं ते रेटेडवर. मोठ्या जनरेटरवर केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत) लिहिलेलं असतं, तेही वॅटाइतकं धरून चालत नाही.

घरी आणून अंगणात चाचणी सुरू केली. घर, खिडकी सगळ्यापासून लांब, कुंपणाला लागून ठेवला. पहिली टाकी आबांनी हलक्या लोडवरच संपवायला लावली. "नवं इंजन हाय, त्याला जरा दम खाऊ दे." नुसता चालू असताना २४४ व्होल्ट आणि ५२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला विजेची ५२ आवर्तनं. चारशे वॅटचे बल्ब लावल्यावर २२१ व्होल्ट, साडेएकोणपन्नास हर्ट्झ. हे इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतं तेव्हाच ५० हर्ट्झ मिळतात. लोड पडला की फेरे कमी, म्हणजे हर्ट्झही कमी. साडेसातशेची इस्त्री लावली तर व्होल्टेज १९० वर आलं आणि इंजिनचा आवाज घोगरा झाला, लगेच काढली. आईचा पाचशे वॅटचा मिक्सर लावला, तर तो फिरायच्या आधीच इंजिन गचके खाऊन बंद. मोटर सुरू होताना तिच्या आकड्याच्या कितीतरी पट करंट ओढते, हे त्याचं कारण. पंप किंवा फ्रिज चालवायच्या आशेनं कुणी हा जनरेटर घेऊ नये. दिवे, मोबाईल, लॅपटॉप, बॅटरीचा चार्जर, इतकंच त्याच्याकडून मागावं, आणि तेवढं तो प्रामाणिकपणे देतो.

पेट्रोल: दोनशे वॅटच्या आसपास लोड असताना एक लिटर मिश्रणावर पावणेदोन तास चालला.

माझा पहिला विचार अगदी सरळ होता. जनरेटर तंबूपासून तीस मीटरवर ठेवायचा, वायर ओढायची आणि रात्रभर मशीन चालवायचं. चाचणीच्या रात्री आबा म्हणाले, "टाकी कधी संपणार?" हिशेब केला. नऊला चालू केला तर पहाटे चारच्या आसपास टाकी कोरडी, आणि नेमक्या गाढ झोपेत मशीन बंद. आवाजाचाही प्रश्न होताच. फोनवरच्या ॲपनं एक मीटरवर ८२ डेसिबल दाखवले. अंतर दुप्पट केलं की उघड्यावर साधारण सहा डेसिबल उतरतात. तीस मीटरवरही तो रात्रभर कानात भुणभुणत राहणार.

पण माझं मन बदललं ते तिसऱ्या गोष्टीनं, आणि ती कळकळीनं सांगतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. सीपॅपचं मशीन तर आजूबाजूचीच हवा ओढून दाबानं नाकात सोडतं. त्याची गाळणी धूळ अडवते, वायू अडवत नाही. म्हणजे धूर तंबूकडे वळला तर आम्हीच तो पंप लावून आबांच्या छातीत भरणार होतो. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग ठरलं, जनरेटरनं संध्याकाळी फक्त बॅटरी भरायची आणि झोपायच्या बऱ्याच आधी बंद व्हायचं. रात्र बॅटरीवर. १२ व्होल्ट ४२ एएचची (अँपिअर-तासांची) एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणारी, बॅटरी घेतली, बॅटरीची वीज मशीनला चालेल अशी करणारा मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर घेतला आणि दहा अँपिअरचा चार्जर. जनरेटरला स्वतःचं १२ व्होल्टचं सॉकेट असतं, पण त्याच्यावर बॅटरी भरली की कुठं थांबायचं ते सांगणारं आत काही नाही, म्हणून चार्जर वेगळा. हिशेब असा: ह्युमिडिफायरशिवाय आठ तासांना १२० वॅट-तास, कन्व्हर्टरची घट धरून बारा एएच. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे वापरायला एकवीस एएच. खरं सांगायचं तर एका रात्रीच्या मुक्कामाला जनरेटर लागतच नाही. घरून भरलेली बॅटरी पुरते. ज्यांना शनिवारी जाऊन रविवारी यायचंय त्यांनी साडेतेरा हजार वाचवावेत. आम्हाला तीन रात्री राहायचं होतं.

जानेवारीत निघालो. घाटाच्या वळणांवर टाकीतून पेट्रोल झिरपतं म्हणून टाकी रिकामी ठेवली, पेट्रोल पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. पहिल्या रात्री जनरेटर काढलाच नाही. आबा पहाटे चारला नाक कोरडं पडून उठले, पण श्वास कुठं अडला नाही. सकाळी बॅटरी १२.४ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या बरीच वर.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता जनरेटर चालू केला आणि पाऊण तासात तो फटफट करून बंद पडला. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला. आबा खाटेवरून उठले, प्लगपाना मागितला. प्लग काढला तर काळा आणि ओला. "किती ऑइल घातलंस?" लिटरला चाळीस मिली. ऑइल जास्त घातलं की इंजिन टिकतं असं एका मित्रानं सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. पुस्तिकेत पन्नासाला एक लिहिलंय, म्हणजे लिटरला वीस मिली. आबांनी काही रागावून म्हटलं नाही. इंजिन गार होऊ दिलं, जुनं मिश्रण कॅनमध्ये काढलं, त्यात तेवढंच साधं पेट्रोल घालून प्रमाण बसवलं, प्लग पॉलिश पेपरनं घासून पुसला, डोळ्याजवळ धरून गॅप बघितली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. "चोक वढ. आता एकदाच, जोरात." दुसऱ्या ओढीला लागला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत मी तसाच उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी आणखी एक धडा मिळाला. दुपारी वारा पाण्याकडून डोंगराकडे होता, म्हणून जनरेटर डोंगराच्या बाजूला ठेवला होता. सूर्य मावळला, उतार गार पडले आणि वारा उलटा, डोंगरावरून पाण्याकडे वाहायला लागला. धुराचा वास आधी आबांना आला. लगेच बंद केला. लोड आधी काढायचा, मग इंजिन, हा क्रम तेवढ्यातही पाळला. मग वायर गुंडाळून जनरेटर पाण्याच्या बाजूला, खालच्या बांधावर नेला. तंबूची दारं उघडी टाकली. तिथून पुढं आमचा नियम झाला, सूर्य मावळल्यावर चिमूटभर राख उडवून वारा पुन्हा बघायचा.

साडेसातला जनरेटर रात्रीपुरता बंद. पलीकडच्या काठावर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. तिथल्या जनावरांच्या रात्रीत आपला फटफटाट घालायचा आपल्याला हक्क नाही, असं मला मनापासून वाटतं. आवाज थांबला तशी रातकिड्यांची किरकिर एकदम भरून आली. पिठलं, भाकरी, ठेचा झाला. मृग नक्षत्र बरंच वर आलं होतं. आबांनी त्या रात्री ह्युमिडिफायर अगदी कमीवर लावला, मास्क चढवला आणि पाच मिनिटांत झोपले. मी मात्र जागा राहून बराच वेळ मशीनचा तो लाटेसारखा आवाज ऐकत पडलो. सकाळी बॅटरी १२.१ व्होल्ट, म्हणजे साधारण निम्मी. तिसऱ्या संध्याकाळी ती भरायला अडीच तास लागले.

घरी आल्यावर टाकी रिकामी केली, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलं की पुढच्या खेपेला त्रास देतं.

जनरेटर आता जिन्याखाली आहे. काल बघितलं तर आबांनी टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं, वर्कशॉपात गाड्यांवर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलंय: "१ लि. = २० मि.ली." आणि त्याच्या खाली, जरा बारीक: "वारा बघा."