ब्रुनोची गोळी

लातूरला बार्शी रोडवरून थोडं आत, आमच्या शेताच्या बांधाला लागून माझं कुत्र्यांचं बोर्डिंग आहे. चौदा पिंजरे. मे महिन्यात लगीनसराई आणि शाळेच्या सुट्ट्या एकदमच येतात, त्यामुळे एकही पिंजरा रिकामा नसतो. अशाच एका शुक्रवारी संध्याकाळी एक काका-काकू त्यांचा लॅब्राडोर घेऊन आले. नाव ब्रुनो, वय चार वर्षं. दोघं पाच दिवसांसाठी तिरुपतीला निघाले होते.

मी लसीची वही पाहिली. या वहीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पार्व्हो म्हणजे कुत्र्यांचा जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा आजार; त्याचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो, फिनेलने मरत नाही. आधी साबणाने घाण काढायची, मग एका भागाला तीस भाग पाणी घालून ब्लीच दहा मिनिटं फरशीवर ठेवायचं, तेव्हा कुठे तो मरतो. एक बिनलसीचं पिल्लू आलं तर चौदा पिंजऱ्यांना भोगावं लागतं. ब्रुनोची वही चोख होती. कान उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधले. काही नव्हतं.

मग विचारलं, "आजारी-बिजारी नाही ना ओ?"

"नाही नाही, एकदम ठणठणीत आहे," काकू म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत, हातात पट्टा गुंडाळत राहिले. ते माझ्या नजरेत आलं होतं. तरी मी पुढं काही विचारलं नाही.

शनिवारी तो नीट जेवला. रविवारी संध्याकाळी मात्र एका कोपऱ्याकडे टक लावून बसला आणि सारखे ओठ चाटत होता. ऊन बेचाळीसच्या घरात होतं. मला वाटलं, उन्हानं आणि घरच्या आठवणीनं झालं असेल. पाण्याचं भांडं भरलं, कूलर त्याच्या बाजूला वळवला.

रात्री पावणेतीनला स्टीलचं भांडं जाळीवर आदळायला लागलं, थांबेचना. धावत गेलो तर ब्रुनो आडवा पडलेला, मान मागे ताणलेली, चारही पाय सायकल मारल्यासारखे चाललेले, तोंडाला फेस, खाली लघवी झालेली. रात्रीला राहणारे मामा मागून ओरडले, "आकडी आली! कांदा हुंगवा, कांदा आणतो!" ते त्याच्या तोंडात हात घालून जीभ धरायला निघाले होते. मी त्यांचा हात ओढला. कुत्रं जीभ गिळत नाही, पण त्या अवस्थेत तोंडात आलेलं बोट चावून तोडू शकतं. भांडं बाहेर काढलं, डोक्याखाली घडी घातलेलं पोतं सरकवलं, दिवा मालवला आणि घड्याळाकडे बघत बसलो.

दोन मिनिटांनी झटके थांबले. पण तो शुद्धीवर आला नाही, आणि परत सुरू झालं. डॉक्टरांना फोन लावला. "मध्ये शुद्ध आली होती का?" नाही म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "निघालो. अशी लागोपाठ आली, पाच मिनिटांच्या पुढं गेली, तर मेंदूला इजा होते. ताप बघा तोवर."

ताप एकशे सहाच्या वर होता. कुत्र्याचं अंग एरवी साधारण एकशे एक ते एकशे अडीच असतं. इतका वेळ स्नायू आखडले की अंग आतून तापतं, त्यात आमचा मे. पोटावर, जांघेत, तळव्यांना ओलं फडकं लावलं आणि पंखा सोडला. मामा बर्फ आणायला निघाले, त्यांना थांबवलं. बर्फानं कातडीखालच्या नसा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

डॉक्टरांनी आल्याबरोबर गुदमार्गे डायझेपाम, म्हणजे झटके थांबवणारं औषध, दिलं. हळूहळू पाय सैल पडले. एकशे तीनला ताप आला तेव्हा फडकी काढायला लावली. मग त्यांनी विचारलं, "कुठली गोळी चालू होती का याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात वर्षं हे काम करतोय, आणि समोर जीव जाऊ लागलेल्या कुत्र्याबद्दल मला एवढंही माहीत नव्हतं.

काकूंचा फोन बंद. काकांचाही बंद. तिरुमलाच्या मंदिरात फोन नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. वहीत दुसरा नंबर लिहिलेला होता, औशाच्या पुतणीचा. झोपेतून उठून ती म्हणाली, "त्याला फिटची गोळी असते की! सकाळी आठ, रात्री आठ. दिली नाही का?"

शुक्रवार रात्रीपासून पाच डोस चुकले होते. ती गोळी म्हणजे फेनोबार्बिटोन; ते अंगाला सवयीचं झालेलं असताना एकदम तुटलं की मूळ आजारापेक्षा जोरात झटके येतात, डॉक्टरांनी तिथंच सांगितलं. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, मामा मोटारसायकल घेऊन रात्रभर उघडं असणाऱ्या मेडिकलवर गेले.

पहाटे ब्रुनो उठला, पण त्याला दिसत नव्हतं. भिंतीला डोकं लावून उभा राहिला, मग भिंतीच्या कडेकडेनं चालत फिरला. मी त्याच्याशी बोलत राहिलो. सहाच्या सुमारास माझ्या आवाजाकडे वळला, शेपटी एकदा हलली, आणि भांडंभर भात अधाशासारखा संपवला.

सकाळी काकूंचा फोन आला आणि त्या ढसाढसा रडल्या. गोळ्या त्यांच्या पर्समध्येच होत्या. "आधी एका ठिकाणी फिट येते म्हणून सांगितलं, तर त्यांनी नको म्हटलं. तुम्हीही घेणार नाही वाटलं. पाच दिवसांनी काय होतंय, असं समजलो आम्ही."

मला राग येईना. वर्षभर त्याला फिट आली नव्हती, त्यांच्या लेखी तो आजारी नव्हताच. मी विचारलं होतं, "आजारी आहे का," आणि त्यांनी त्याचं उत्तर दिलं. माझा प्रश्नच चुकला होता. आता मी आधीच सांगतो, औषधावरचं कुत्रं मी परत पाठवत नाही. मग विचारतो, रोज काय देता, गोळी, सिरप, कानातले थेंब, काहीही, आणि शेवटचं कधी दिलं. गोळ्या मोजून घेतो, पिंजऱ्याच्या पाटीवर वेळ लिहितो. अंगावर हात फिरवून न कळणारं पुष्कळ यातून कळतं. परवाच एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनचं हृदयाचं औषध असंच कळलं.

दिवाळीत काकू पुन्हा आल्या. पर्समधून स्टीलची डबी काढली, झाकणाला चिकटवलेल्या कागदावर सकाळ-रात्र लिहिलेलं. टेबलावर एकेक गोळी ठेवत माझ्याबरोबर मोजू लागल्या. चार दिवसांच्या आठ झाल्या, तरी त्यांचा हात थांबला नाही.

"ह्या चार जास्तीच्या," त्या म्हणाल्या. "गाडी चुकलीबिकली तर."